डाव्या हाताचा मळ : सर्किट आरेखनातल्या शॉर्टकटांचा इतिहास, वसईच्या एका गाळ्यातून

माझ्या कपाटात पुठ्ठ्याची वीतभर लांबीची एक पट्टी आहे. एके काळी ती वसई पूर्वेला, वालीवच्या एका गाळ्यात, संगणकाच्या पडद्याखाली चिकटवलेली होती. चिकटपट्टीचे पिवळे डाग अजून तिच्या दोन्ही टोकांना आहेत. एका बाजूला बॉलपेनाने, ठसठशीत देवनागरीत लिहिलं आहे :

पी, डब्ल्यू, बी : तार सुरू (पाव, वडा, बटाटा).
बी : वळण. ई : एवढंच. एन : नवी.
टी-ए : खूण ठोक. जे-ए : खुणेवर उडी.
क्यू-यू : दर दहा मिनिटांनी. वीज सांगून जात नाही.

आणि मागच्या बाजूला :

पेज-अप : जवळ. पेज-डाउन : लांब. होम : मधोमध.
स्टार : थर बदल.
शेवटी : एक लिही.

इलेक्ट्रॉनिक सर्किटचं आरेखन करणाऱ्या दोन सॉफ्टवेअरचे हे शॉर्टकट. पुढची बाजू 'ऑरकॅड'ची, मागची 'प्रोटेल'ची. लिहिणाऱ्या ताई नववीपर्यंत शिकलेल्या होत्या. मी १९९१ साली आयटीआयचा ड्राफ्ट्समनचा कोर्स करून त्या गाळ्यात कामाला लागले, तेव्हा मला शिकवणारं पुस्तक म्हणजे ही पट्टीच होती. शेवटची ओळ सोडून सगळ्या ओळी मला पहिल्या आठवड्यात पाठ झाल्या. शेवटच्या ओळीचा अर्थ कळायला दोन वर्षं आणि दोनशे बोर्डं लागली.

शॉर्टकट म्हणजे क्षुल्लक गोष्ट, डाव्या हाताचा मळ, असं आपण धरून चालतो. तंत्रज्ञानाचे इतिहास कंपन्यांचे असतात, शोधांचे असतात. कोणतं बटण कोणत्या बोटाखाली आलं याची नोंद कोणी ठेवत नाही. पण आमच्यासारख्यांच्या हातात कसब आलं ते या बटणांमधूनच. म्हणून या पट्टीचा माग काढायचं ठरवलं.

डावा हात आधी आला

सर्किट संगणकावर काढायचं तर दोन चित्रं काढावी लागतात. पहिलं आराखड्याचं : कोणता भाग कोणाला जोडायचा एवढंच त्यात असतं. दुसरं प्रत्यक्ष बोर्डाचं : कोणता भाग कुठे बसेल आणि तांब्याची रेघ, म्हणजे ट्रॅक, कुठून जाईल. दोन्हींत उजवा हात दाखवतो आणि डावा हात सांगतो. उजव्या हातातला माउस 'इथे' म्हणतो. डाव्या हाताखालचं बटण 'काय' ते म्हणतं.

ही वाटणी माउसपेक्षा जुनी आहे. १९६३ साली इव्हान सदरलंड यांनी एमआयटीत 'स्केचपॅड' हा प्रबंध सादर केला. लिंकन प्रयोगशाळेतल्या टीएक्स-२ या संगणकाच्या पडद्यावर ते प्रकाशलेखणीने रेघा काढत आणि रेघ, वर्तुळ, हलव, पूस हे हुकूम वेगळ्या बटणांच्या पेटीवरून देत. त्या प्रबंधातल्या उदाहरणांत विजेच्या सर्किटच्या आकृत्याही आहेत. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस एंगलबार्ट यांनी जगाला माउस दाखवला, तेव्हा त्यांच्या डाव्या हाताखाली पाच पट्ट्यांचा एक छोटा संच होता. हार्मोनियमवर सूर धरावेत तशा दोन-तीन पट्ट्या एकदम दाबून ते हुकूम देत. माउस जगभर गेला. पाच पट्ट्यांचा संच मागे पडला, पण त्याचं काम कीबोर्डाच्या डाव्या भागाकडे आलं.

वालीवला यातलं काहीच कोणाला माहीत नव्हतं. ताईंच्या डाव्या हाताला मात्र या वाटणीची सवय संगणक येण्याच्या आधीपासून होती.

उजेडाचं टेबल

ताई गाळ्यात येण्यापूर्वी अंधेरीला सीप्झमध्ये होत्या. सीप्झ, म्हणजे सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स निर्यात प्रक्रिया क्षेत्र, १९७३ साली सुरू झालं. तिथल्या कारखान्यांत सोल्डरिंगपासून तपासणीपर्यंतच्या बारीक कामाला प्रामुख्याने बायका होत्या. वसई, नालासोपारा, विरारहून लोकल धरून जाणाऱ्या कित्येक जणी त्यांत असत. ताईंचं काम होतं टेपिंगचं.

संगणक येण्यापूर्वी बोर्डाचं चित्र असं तयार होई : खालून ट्यूबलाइट लावलेलं काचेचं टेबल, त्यावर चौकटींचा कागद, त्यावर पॉलिएस्टरची पारदर्शक फिल्म. भागाच्या प्रत्येक पायासाठी गोल काळा स्टिकर चिकटवायचा आणि दोन स्टिकरांच्या मध्ये काळी क्रेप टेप ताणून बसवायची. चित्र प्रत्यक्षाच्या दुप्पट किंवा चौपट काढायचं. मग प्रोसेस कॅमेऱ्याने ते लहान करून फिल्म बनवायची. पुढे स्क्रीनछपाई, फेरिक क्लोराइडचं पाणी, आणि नको असलेलं तांबं विरघळून गेल्यावर उरलेला बोर्ड.

या कामात उजव्या हातात ब्लेड आणि डाव्या हातात टेपचं रीळ. वळणावर डाव्या अंगठ्याने टेप दाबून धरायची, उजव्याने कापायची. दोन बाजूंचा बोर्ड असेल तर एकाच फिल्मवर एका बाजूसाठी लाल आणि दुसरीसाठी निळी टेप लावण्याचीही पद्धत होती. कॅमेऱ्यापुढे रंगीत काच धरून दोन्ही थर वेगळे करत. आजच्या अल्टियम या सॉफ्टवेअरच्या पडद्यावर वरचा थर लाल आणि खालचा निळाच दिसतो. माझ्याबरोबरच्या मुलांना ते रंग सहज निवडलेले वाटत. ताईंनी पडदा पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "हे तर आपलंच टेबल उभं केलंय."

१९८४च्या संगणक धोरणानंतर संगणक आणि त्यांचे भाग आयात करणं सोपं झालं आणि काही वर्षांत छोट्या गाळ्यांनाही तो परवडू लागला. वालीव, सातिवली, गोखिवरे या पट्ट्यात जागा मुंबईपेक्षा स्वस्त आणि लॅमिंग्टन रोड लोकलने जाऊन-येऊन एका दिवसाचा. आमच्या मालकांनी स्टॅबिलायझर आणि इमर्जन्सी दिव्यांचे बोर्ड करायला सुरुवात केली होती. त्यांनी एक संगणक आणला आणि ताईंना सीप्झमधून बोलावून घेतलं. संगणक शिकलेला मुलगा त्यांना मिळाला असता, पण बोर्ड समजणारा माणूस हवा होता.

अठरा अक्षरं

ऑरकॅड ही कंपनी १९८५ साली अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात, हिल्सबोरो गावी सुरू झाली. तिचं आराखडा काढायचं डॉसवरचं सॉफ्टवेअर साध्या पीसीवर चालत असे. त्याच्या मुख्य यादीत अठरा हुकूम होते : अगेन, ब्लॉक, कंडिशन्स, डिलीट, एडिट, फाइंड, गेट, हार्डकॉपी, इन्क्वायर, जंप, लायब्ररी, मॅक्रो, प्लेस, क्विट, रिपीट, सेट, टॅग, झूम. वाचकांनी ही नावं मनात एकदा म्हणून पाहावीत. अठरांपैकी कोणत्याही दोहोंचं आद्याक्षर सारखं नाही. छपाईला 'प्रिंट' नव्हे, 'हार्डकॉपी' म्हटलं आहे. पी हे अक्षर 'प्लेस'कडे आहे. त्यामुळे यादी वाचायची गरजच उरत नाही. एक अक्षर दाबलं की हुकूम सुटतो, दुसरं दाबलं की पोटहुकूम. प्लेस, वायर, बिगिन : पी, डब्ल्यू, बी.

इंग्रजी माध्यमातल्या माणसाला इथे अर्थाची मदत होते. ताईंना ती नव्हती, म्हणून त्यांनी आपला अर्थ घातला. पाव, वडा, बटाटा. 'एंड'चा ई म्हणजे एवढंच. 'न्यू'चा एन नवी तारेला आपोआपच जुळला. काम जतन करायचं तर 'क्विट'मध्ये जाऊन 'अपडेट' दाबावं लागे. बाहेर न पडता बाहेरच्या दारापर्यंत जाऊन यायचं, असं त्या सांगत. मॅन्युअलची झेरॉक्स गाळ्यात होती. ती फाइलीत राहिली आणि पट्टी पडद्याखाली राहिली.

आपल्या भाषेला हा प्रकार नवा नाही. मोडी लिपी ही वेगासाठीच रुळलेली. लेखणी शक्यतो उचलायची नाही, नेहमीचे शब्द आखूड करायचे. १७३७ ते १७३९च्या वसई मोहिमेचा पत्रव्यवहार मोडीतच झाला आहे. मोडी वाचणाऱ्यांना ठाऊक आहे की आखूड केलेलं रूप वाचायचं तर मूळ शब्द आधीच माहीत असावा लागतो. शॉर्टकटचंही तसंच आहे. ज्याला लांबचा रस्ता ठाऊक आहे, त्याच्यासाठीच तो जवळचा.

उडी, नाका आणि थाऊ

मोठ्या आराखड्यात हरवणं ही नवशिक्याची पहिली अडचण. पडदा लहान, चित्र मोठं. नवा माणूस कडेकडेने चित्र सरकवत बसतो आणि कुठून निघालो ते विसरतो. ऑरकॅडमध्ये त्यावर टॅग आणि जंपची जोडी होती : ए ते एच अशा आठ खुणा चित्रात ठोकायच्या आणि एका अक्षराने त्यांवर उडी मारायची. ताई त्यांना नाके म्हणत. पुरवठ्याच्या भागात पहिला नाका, रिलेपाशी दुसरा. कुठे काम चाललंय हे विचारलं की उत्तर येई, "बी नाक्यावर."

प्रोटेलचा जन्मही १९८५चाच. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटावर, होबार्टला, निक मार्टिन यांनी ती कंपनी काढली. २००१ साली तिचं नाव अल्टियम झालं. तिच्या डॉसवरच्या 'ऑटोट्रॅक्स'मध्ये फिरण्याची रीत वेगळी होती. कर्सर हव्या त्या जागेवर ठेवायचा आणि पेज-अप दाबायचं. चित्र जवळ येई. पेज-डाउनने लांब जाई, होमने कर्सरची जागा पडद्याच्या मधोमध येई. बोर्डाच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्यात जायचं तर चित्र सरकवायचंच नाही : लांब जा, बोट ठेव, जवळ ये. घारीसारखं. ही युक्ती आजही कोणत्याही आरेखनात चालते, फक्त बटणांऐवजी माउसचं चाक आलं आहे.

मापाची गोष्टही सांगायला हवी. आयसीच्या दोन पायांमधलं जुनं अंतर इंचाचा दहावा भाग, म्हणजे २.५४ मिलिमीटर. सॉफ्टवेअर ते १०० मिल म्हणून दाखवी. मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग. आमच्या शेजारच्या गाळ्यातले लेथवाले त्यालाच थाऊ म्हणत, आणि सुतार ज्याला सूत म्हणतो तो इंचाचा आठवा भाग, म्हणजे १२५ थाऊ. क्यू दाबलं की प्रोटेल मिलमधून मिलिमीटरमध्ये जाई. ताई क्यू कधी दाबत नसत. चौकटी १०० थाऊच्या असतील तर पाय चौकटीच्या कोपऱ्यावरच पडतो, मग आकडा कशाला वाचायचा, असं त्यांचं म्हणणं. ग्रिडशी भांडू नये, हा त्यांचा पहिला धडा.

एक लिही

आता त्या शेवटच्या ओळीकडे येते.

१९९३ साली स्टॅबिलायझरचा एक बोर्ड मी एकटीने काढला. हायलमचा, एका बाजूला तांबं असलेला. त्यात एलएम ३२४ हा चौदा पायांचा आयसी होता. प्रोटेलमध्ये भाग हलवताना स्पेस दाबली की तो फिरतो, एक्स दाबला की आरशात पाहिल्यासारखा आडवा उलटतो. भागांना जोडणाऱ्या रबरासारख्या रेघांचा गुंता झाला होता. मी डाव्या हाताने एक्स दाबला आणि गुंता एकदम सुटला. सगळे ट्रॅक सरळ बसले. तपासणीचा हुकूम दिला, चुका शून्य.

शून्य येणारच होतं. कोणता पाय कोणाला जोडला एवढंच संगणक पाहतो, आणि ते सगळं बरोबर होतं. पण खरा आयसी आरशातून बाहेर येत नाही. वरून पाहिलं तर त्याचे पाय खाचेपासून घड्याळाच्या उलट दिशेनेच मोजले जातात. माझ्या बोर्डावर ते घड्याळाच्या दिशेने गेले होते. बोर्डं आली दोनशे. पहिल्या बोर्डाला वीज दिली आणि आयसी बोटाला चटका बसेल इतका तापून गेला. दुसऱ्याचंही तेच. एलएम ३२४मध्ये चौथा पाय पुरवठ्याचा आणि अकरावा जमिनीचा. ते समोरासमोर असतात. आरशात ते एकमेकांच्या जागी गेले होते.

मालक काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं. ताईंनी डेटाबुक उघडलं आणि बराच वेळ त्या आयसीचं चित्र पाहत बसल्या. मग एक नवा आयसी घेतला आणि उलटा, खाच खाली करून, बसवला. बोर्ड चालला.

असं का झालं ते मी नंतर कागदावर मांडून पाहिलं. त्या आयसीत चार सारखे भाग असतात, आणि त्याच्या पायांची रचना अशी सममित आहे की आरशातल्या जागेत तो उलटा फिरवून बसवला तर चौथा पाय चौथ्याच्या आणि अकरावा अकराव्याच्या जागी येतो. बाकीचे पाय आपल्या जुळ्या भावाच्या जागी. ताईंनी एवढं मांडलं नव्हतं. त्यांनी चित्राच्या मध्यावर बोट ठेवून दोन्हीकडे सारखं आहे एवढं पाहिलं होतं. वर्षानुवर्षं फिल्म उलटी-सुलटी करणाऱ्या हाताला ते पुरेसं होतं.

"या वेळी आयसी देवमाणूस निघाला," त्या मला म्हणाल्या. "दर वेळी निघणार नाही गं."

पण प्रश्न तिथे संपला नाही. बोर्डावर खाचेची खूण छापलेली होती, आणि ती आता खोटी होती. उद्या पालघरला नाहीतर डहाणूला कोणी दुरुस्तीवाला खुणेप्रमाणे नवा आयसी बसवील आणि जाळून बसेल. म्हणून दोन दिवस बसून आम्ही दोघींनी प्रत्येक बोर्डावरची खूण नेलपॉलिशने बुजवली आणि दुसऱ्या टोकाला ठिपका दिला. ते काम करताना मी विचारलं, "ताई, तुमच्या पट्टीवरचं 'एक लिही' म्हणजे कुठलं बटण?"

ते बटण नव्हतंच. टेपिंगच्या काळात फिल्म चुकून पालथी पडली तर सगळा बोर्ड आरशात जाई. म्हणून चित्र पुरं झालं की खरा आयसी हातात घ्यायचा, प्रत्येक जागेवर पहिल्या पायाशी १ लिहायचा आणि शेवटच्या पायापर्यंत बोटाने मोजत जायचं. संगणक आला तरी त्यांनी ते सोडलं नव्हतं. मी ती ओळ शॉर्टकटांच्या यादीत वाचली, म्हणून तिच्यात बटण शोधत राहिले. त्या यादीत लांबचा रस्ता म्हणावा अशी ती एकच ओळ होती.

त्या दिवसापासून बोर्ड कागदावर खऱ्या मापात छापायचा, त्यावर भाग ठेवून पाहायचे आणि एक लिहायचा, असा गाळ्याचा नियम झाला.

आजची पट्टी

तो गाळा आता नाही. वसई-विरारची महानगरपालिका २००९ साली झाली, पालघर जिल्हा २०१४ साली. पट्टी लिहिली गेली तेव्हा आम्ही ठाणे जिल्ह्यातले होतो. प्रोटेलने डॉसवरचं ऑटोट्रॅक्स पुढे विनामूल्य करून टाकलं, पण ते चालवायला आता संगणक मिळत नाही.

इथली मुलं आज बहुतेक 'कीकॅड' वापरतात. १९९२ साली फ्रान्समध्ये ग्रनोबलच्या एका तंत्रसंस्थेत शिकवणाऱ्या जाँ-पियेर शारा यांनी ते सुरू केलं. २०१३पासून सर्न या संशोधन संस्थेने त्याला हातभार लावला. ते मुक्त आहे, फ्लॉपी कुठून आली असा प्रश्न पडत नाही. पवईच्या आयआयटीतल्या फॉसी प्रकल्पाने कीकॅडच्या आधारावर 'ई-सिम' उभं केलं, आणि तिथल्याच स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने असं सॉफ्टवेअर शिकवणारे धडे मराठीसह भारतीय भाषांत बोलते केले. ताईंनी पुठ्ठ्यावर जे एकटीने केलं, त्याला आता संस्था मिळाली आहे.

गेल्या वर्षी माझ्या भाचीला, ती वसईतच अभियांत्रिकी शिकते, मी कीकॅडवर बोर्ड काढून दाखवायला बसले आणि फजिती झाली. चित्र जवळ आणायला मी सवयीने पेज-अप दाबलं. तिथे त्याने वरचा थर निवडला जातो. एक्स दाबला, आराखड्यात तो अजूनही आरसा आहे, पण बोर्डावर त्याने ट्रॅक सुरू होतो. बोर्डावर भाग उलटवायला एफ, आणि तो भागाला आरशात न टाकता सरळ दुसऱ्या बाजूला नेऊन बसवतो. माझी चूक आता त्या बटणाने होणारच नाही. जुन्या हाताला नवं घर शिकवताना किती राग येतो, ते तिने पाहिलं.

तिला मी नवी पट्टी लिहायला लावली, मराठीत. ए : भाग आण. डब्ल्यू : तार. एम : नुसता हलव. जी : तारांसकट ओढ. एम आणि जी यांत गल्लत झाली की जोड तुटतो, म्हणून त्याखाली तिने दोन रेघा मारल्या. व्ही : दुसऱ्या थरात उतर. इन्सर्ट : पुन्हा तेच. ऑल्ट-३ : बोर्ड तिन्ही मितींत बघ. कंट्रोल-एफ१ : विसरलीस तर सगळी यादी.

शेवटची ओळ मी सांगितली. ती म्हणाली, "मावशी, हे कशाला? थ्रीडीमध्ये दिसतंच की."

मी तिच्या हातात एक एलएम ३२४ दिला आणि पहिला पाय कुठला ते विचारलं. तिने तो दोनदा फिरवून पाहिला, मग खाच शोधली, मग मोजायला लागली. चौदापर्यंत मोजून झाल्यावर तिने पेन घेतलं आणि पट्टीवर शेवटची ओळ लिहिली.